जपणारे यंत्र आणि दाखवणारे यंत्र

घरातल्या चित्रफिती, ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे एका ठिकाणी आणायची ठरले की पहिला प्रश्न येतो तो यंत्राचा. तयार नॅस घ्यावे, म्हणजे दोन किंवा चार हार्ड डिस्क मावणारी आणि घरच्या राउटरला जोडून ठेवायची छोटी पेटी. की एखाद्या संगणकावर लिनक्स बसवून स्वतःचा होम सर्व्हर उभा करावा? या विषयावर जाणकार मंडळी प्रोसेसर, रॅम आणि किंमत यांचे तक्ते मांडून बोलतात. आमच्या घरापुरता हा निर्णय घेताना मला असे दिसले की त्या तक्त्यांच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती म्हणजे आपण जे साठवणार आहोत ते हरवले तर पुन्हा मिळणार आहे का. विकत घेतलेल्या चित्रपटाची डीव्हीडी खराब झाली तर तो चित्रपट बहुधा दुसरीकडून मिळतो. बाबांनी वर्षानुवर्षे आकाशवाणीवरून कॅसेटवर उतरवून घेतलेली नाट्यगीते, गावच्या देवळातली कीर्तने आणि आजीच्या तोंडच्या ओव्या जगात फक्त आमच्याकडे आहेत, आणि म्हणून यंत्र निवडण्याचा आमचा निकष चित्रपट जमवणाऱ्या माणसाच्या निकषापेक्षा वेगळा असायला हवा होता.

आमचा ऐवज तीन प्रकारचा आहे. कॅसेट हा पहिला, लग्नामुंजींच्या व्हीएचएस टेप हा दुसरा, आणि २००० नंतरच्या काळातल्या मिनीडीव्ही, म्हणजे हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या टेप हा तिसरा. यांना किती जागा लागेल याचा हिशेब आधी कागदावर करावा असे मी प्रत्येकाला सांगेन, कारण तो केला की बाजारातल्या निम्म्या यंत्रांचा विचारच करावा लागत नाही. ध्वनिसंग्रहालयांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती आयासा, कॅसेटसारख्या ॲनालॉग ध्वनिमुद्रणासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट असा दर्जा सुचवते. या दर्जाने एका तासाच्या स्टिरिओ मुद्रणाला साधारण एक जीबी जागा लागते, आणि फ्लॅक या, आवाजाची गुणवत्ता न घटवता फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात ठेवले तर त्याहूनही कमी. मिनीडीव्हीची फीत मुळातच डिजिटल असल्यामुळे तिच्यावरचा मजकूर फायरवायरने, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या जुन्या धर्तीच्या तारेने, जसाच्या तसा उतरवायचा असतो, आणि त्याला तासाला १३ जीबी लागतात. व्हीएचएसचे तसे नाही. तिथे चित्र ॲनालॉग आहे, ते पकडून एफएफव्ही१ सारख्या गुणवत्ता न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवायचे म्हटले तर तासाला मिनीडीव्हीच्या दुपटीहून अधिक जागा जाते. हे सगळे मिळूनही आमच्या घराचा आकडा काही टेराबाइटच्या पुढे गेला नाही. आठ टेराबाइटच्या दोन डिस्क, एकीवर जे आहे तेच दुसरीवर, एवढ्यात सगळे मावते आणि वाढीलाही जागा उरते. चार, सहा किंवा आठ डिस्कची पेटी, तिच्यातली पॅरिटीची, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचे बाकीच्यांवरून पुन्हा मांडण्याची गणिते आणि एक डिस्क गेल्यावर दोन-दोन दिवस चालणारी पुनर्बांधणी या सगळ्यांतून आम्ही या एका हिशेबाने सुटलो.

आता दाखवण्याचे काम. होम सर्व्हरच्या बाजूने सर्वांत जोरदार युक्तिवाद होतो तो ट्रान्सकोडिंगचा. साठवलेली फाइल ज्या स्वरूपात आहे ते स्वरूप समोरच्या टीव्हीला किंवा फोनला वाचता येत नसेल तर सर्व्हरने ती चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलून द्यायची, आणि ४के चित्रासाठी हे काम प्रोसेसरला चांगलेच जड जाते. इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची यासाठीची खास सोय दिली, आणि २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या एन१०० सारख्या सहा वॅटच्या साध्या प्रोसेसरमध्येही ती आहे. उलट काही नामांकित नॅसमध्ये ती नसते. सिनॉलॉजी या कंपनीच्या डीएस९२०प्लस या नॅसमध्ये इंटेलचा सेलेरॉन प्रोसेसर होता आणि त्यात ही सोय होती, पण त्यानंतरच्या डीएस९२३प्लसमध्ये एएमडीचा जो रायझेन आला त्यात चित्रासाठीचा भागच नाही. मॉडेल नवे म्हणजे या कामाला अधिक चांगले, असे गृहीत धरून चालत नाही ते यामुळे.

परंतु आमच्यासारख्या संग्रहाला या युक्तिवादाचा भार फारसा लागू पडत नाही. आमची चित्रे ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीची आहेत. टीव्हीला मिनीडीव्हीचे किंवा एफएफव्ही१ चे स्वरूप वाचता येत नाही हे खरे, म्हणून रूपांतर लागतेच. पण ते दर वेळी पाहताना कशासाठी करायचे? संग्रहालयांत मूळ प्रत आणि पाहण्याची प्रत अशा दोन प्रती ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि ती घरातही उत्तम चालते. मूळ फाइल आहे तशी राहू द्यावी, आणि तिच्यावरून एकदाच निगुतीने एच.२६४ स्वरूपातली प्रत काढावी, जी गेल्या दहा-पंधरा वर्षांतला जवळजवळ प्रत्येक टीव्ही आणि फोन थेट वाचतो. या प्रतीला तासाला दोन जीबीही लागत नाहीत. ही प्रत आधीच काढण्यात आणखी एक मोठा लाभ आहे. जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी असल्या तरी प्रत्येक चौकट दोन अर्ध्या क्षेत्रांची बनलेली असते, म्हणजे हालचालीचे ५० क्षण त्यात नोंदलेले असतात. घाईने केलेल्या रूपांतरात ते २५ वर येतात, आणि लेझीम खेळणाऱ्या मुलांचे हात अडखळत हलल्यासारखे दिसतात. नीट वेळ देऊन ५० चौकटींची प्रत काढली तर ती हालचाल कॅमेऱ्याने टिपली होती तशी वाहती दिसते. हे रूपांतर माझा रोजचा संगणक रात्री सावकाश करतो, आणि त्यासाठी चोवीस तास चालणाऱ्या ताकदवान सर्व्हरची गरज उरत नाही.

मग तयार नॅस घेतले की प्रश्न संपला असे म्हणता आले असते, पण तयार पेटीवर सर्वस्व सोपवण्याबद्दल मला काळजी वाटते आणि तिला कारणे आहेत. पेटी विकणारी कंपनी पेटीत काय चालावे हेही ठरवते. सिनॉलॉजीने २०२४ मध्ये आपल्या प्रणालीच्या ७.२.२ या आवृत्तीपासून व्हिडिओ स्टेशन हा चित्रफिती दाखवणारा स्वतःचाच कार्यक्रम बंद केला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीने जाहीर केले की त्या वर्षीच्या प्लस मालिकेतल्या पेट्यांत सर्व सोयी हव्या असतील तर डिस्कही कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने मान्य केलेल्याच लागतील, आणि बऱ्याच नाराजीनंतर ऑक्टोबरमध्ये हे बंधन सैल केले. बंधन सैल झाले हे चांगलेच झाले, पण ते एकदा घातले जाऊ शकते एवढे त्यातून कळले. ड्रोबो नावाच्या कंपनीच्या पेट्या एके काळी छायाचित्रकारांच्या आवडत्या होत्या. तिची पालक कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली, २०२३ मध्ये कारभार गुंडाळला गेला, आणि त्या पेट्यांतल्या डिस्क तिच्या स्वतःच्या गुप्त पद्धतीने लिहिलेल्या असल्यामुळे साध्या संगणकाला लावून वाचता येत नव्हत्या. या ठिकाणी सिनॉलॉजीची बाजू उजवी आहे हे सांगायला हवे, कारण तिच्या पेटीत आतून लिनक्सचीच नेहमीची साधने वापरलेली असतात आणि पेटी बंद पडली तर डिस्क उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेल्या संगणकाला जोडून वाचण्याची रीत कंपनीनेच लिहून ठेवली आहे. माझ्या दृष्टीने कोणत्याही नॅसची निवड करताना विचारण्याचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे: पेटी मेली तर डिस्क दुसरीकडे बोलतील का?

दुसरे कारण इंटरनेटचे. घराबाहेरून पाहता यावे म्हणून नॅस थेट इंटरनेटवर उघडे करण्याची सोय विक्रेते मोठ्या उत्साहाने दाखवतात. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या वापरणाऱ्या अनेकांना एका सकाळी सगळा साठा पुसलेला आढळला. त्या पेट्यांच्या प्रणालीत २०१५ नंतर सुधारणा झालेल्या नव्हत्या. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट या खंडणीखोर प्रणालीने क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडवण्यासाठी बिटकॉइन मागितले. घरातल्या लग्नाच्या चित्रफितीसाठी कोणी खंडणी मागावी ही कल्पनाही सहन होत नाही, आणि म्हणूनच साठवणारे यंत्र बाहेरच्या जगाला दिसता कामा नये या मताचा मी झालो आहे.

होम सर्व्हरला यातले कंपनीचे बंधन नसते. ट्रूनॅस, ओपनमीडियाव्हॉल्ट किंवा नुसते डेबियन, यांतली जी मोफत प्रणाली आवडेल ती बसवावी, झेडएफएस ही फाइली साठवण्याची पद्धत वापरून प्रत्येक तुकडा बिघडला नाही ना याची बेरीज-तपासणी (चेकसम) करवून घ्यावी, साठवलेले टीव्हीवर आणि फोनवर दाखवणारा जेलीफिन हा कार्यक्रम चालवावा. जेलीफिनचा जन्मच अशा स्वातंत्र्यासाठी झाला. २०१८ च्या शेवटी एम्बी या तशाच कार्यक्रमाने आपला स्रोत बंद केला तेव्हा काही जणांनी आधीच्या खुल्या स्रोतावरून तो वेगळा काढून पुढे नेला. याच कामाचे प्लेक्स अधिक देखणे आहे, परंतु २०२५ च्या एप्रिलपासून आपल्याच घरच्या फाइली घराबाहेरून पाहण्यासाठीही त्यात पैसे भरावे लागतात. होम सर्व्हरचा खरा प्रश्न असा आहे की त्याची सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस परगावी असला, आजारी पडला किंवा नसलाच, तर आईने किंवा ताईने काय करायचे? डिस्क कोणत्या क्रमाने, कोणत्या नावाने जोडल्या आहेत, कोणती सुधारणा कधी करायची, हे त्यांना शिकवत बसणे मला न्याय्य वाटत नाही. बाबांच्या कॅसेट उघडायला आम्हाला कोणाच्या शिकवणीची गरज पडली नव्हती. प्रत्येक कॅसेटच्या आरंभी त्यांनी स्वतःच्या आवाजात तारीख, केंद्र आणि कलाकाराचे नाव सांगून ठेवले आहे, आणि टेपरेकॉर्डरचे बटण दाबले की झाले.

म्हणून मी दोन कामे दोन यंत्रांना वाटून दिली. साठवणासाठी दोन डिस्कचे तयार नॅस, ज्यावर बीटीआरएफएस ही फाइली साठवण्याची पद्धत आणि स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवण्याची सोय, यांखेरीज काहीही चालत नाही. आणि दाखवण्यासाठी एन१०० चा एक छोटा मिनी पीसी, ज्यावर जेलीफिन आहे. मिनी पीसीला नॅसवरच्या फाइली फक्त वाचता येतात, लिहिता किंवा पुसता येत नाहीत. जेलीफिन बिघडले, सुधारणेत काही मोडले किंवा पुढे त्याहून चांगले काही आले, तर मिनी पीसी पुसून नव्याने उभा करायला एक संध्याकाळ पुरते आणि त्यात एकाही कॅसेटच्या प्रतीला धक्का लागत नाही. एका पेटीत दोन्ही कामे करणारे नॅस घेतले असते तर पैसे आणि जागा दोन्ही वाचले असते, हे मान्य आहे. ज्यांचा संग्रह विकतच्या चित्रपटांचा आहे त्यांनी तसेच करावे असे मी सांगेन, फक्त आत इंटेलचा प्रोसेसर आहे ना एवढे पाहून घ्यावे.

वाचण्यापुरतीच परवानगी दिल्याने एक-दोन अडचणी येतात. नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरात नवी फाइल आल्याचे जेलीफिनला तत्काळ कळेलच असे नाही, ती ठरावीक वेळी होणाऱ्या तपासणीनंतर दिसते. शिवाय फाइलची माहिती जेलीफिन स्वतः फाइलशेजारी लिहू शकत नाही, ती मीच एनएफओ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतो. हे दुसरे मला अडचणीपेक्षा सोयीचेच वाटते. कीर्तनकाराचे नाव, गाव, तिथी, मागे टाळ कोणाच्या हातात आहेत हे जगातल्या कोणत्याही सूचीत मिळणारे नाही. ते कोणत्यातरी कार्यक्रमाच्या पोटातल्या कोठीत अडकण्यापेक्षा फाइलीच्या शेजारीच, कोणालाही वाचता येईल अशा मजकुरात असलेले बरे. फ्लॅक फाइलीत तर आपल्याला हवी ती शीर्षके घालता येतात, त्यामुळे नाट्यगीताला राग, ताल आणि साथीदार अशी आपली खरी वर्गवारी देता येते आणि सगळे काही आल्बम नावाच्या एकाच साच्यात कोंबावे लागत नाही.

मराठी नावांच्या बाबतीत काही गोष्टी मात्र यंत्र घेण्याच्या आधीच माहीत असायला हव्यात, आणि त्या मला कोणत्याही तुलनेच्या तक्त्यात आढळल्या नाहीत. लिनक्सवर, आणि म्हणून बहुतेक नॅसवर, फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘कीर्तन’ हा तीन अक्षरांचा शब्द यंत्राच्या हिशेबी सहा चिन्हांचा आणि १८ बाइटचा होतो. म्हणजे एकूण मर्यादा ८५ चिन्हांची. सिनॉलॉजीच्या फोल्डरला जुन्या पद्धतीचे एन्क्रिप्शन लावले तर ही मर्यादा १४३ बाइटवर, म्हणजे आपल्या ४७ चिन्हांवर येते, आणि ‘चिरंजीव अमुक यांचा व्रतबंध, मंगलाष्टके व भिक्षावळ’ यांसारख्या नावात ‘अमुक’च्या जागी पूर्ण नाव घातले की ते तेवढ्यात मावत नाही.

त्याहून नाजूक गोष्ट आहे ती ‘ऱ’ ची. ‘दुसऱ्या दिवशीचे कीर्तन’ या नावातला ‘ऱ्या’ पडद्यावर एकसारखाच दिसतो, पण तो तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेला असू शकतो. ‘ऱ’ हे एकच चिन्ह असू शकते, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे असू शकतात, किंवा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असेही असू शकते. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे साठवताना पहिल्या प्रकाराचे दुसऱ्यात रूपांतर करते. लिनक्स मात्र नावाची तुलना बाइटने बाइट करते. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेली आणि विंडोजवरून आलेली एकच फाइल नॅसवर एकाच नावाने दोनदा दिसते, शोधताना एक सापडते तर दुसरी नाही, आणि बॅकअपचा कार्यक्रम दोन्ही वेगळ्या समजून दोन्हींच्या प्रती काढतो. आरसिंक हा प्रती काढणारा कार्यक्रम वापरणाऱ्यांना त्यात नावांचे असे रूपांतर करण्यासाठी आयकॉन्व्ह हा पर्याय आहे. मी स्वतः असे ठरवले आहे की फाइलच्या नावात आधी इंग्रजी अंकांत वर्ष, महिना, दिवस आणि मग एक-दोन मराठी शब्द, आणि सविस्तर वर्णन शेजारच्या मजकुराच्या फाइलीत. अंकही एकाच लिपीतले ठेवावेत, कारण देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळले की बाइटच्या क्रमात सगळे इंग्रजी अंक आधी येतात आणि वर्षांचा क्रम विस्कटतो.

विजेचा विचार थोडक्यात करता येईल. दोन डिस्कचे नॅस आणि मिनी पीसी मिळून २५ वॅटच्या आसपास घेतात असे धरले तर वर्षाला २१९ युनिट होतात. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप चोवीस तास चालू ठेवला तर जवळपास ५२६ युनिट. माळ्यावरचा जुना संगणक फुकट पडतो हा समज बिलावर तपासून पाहावा. लोडशेडिंग कमी झाले असले तरी वीज जाणे-येणे आणि दाब वरखाली होणे आपल्याकडे संपलेले नाही, म्हणून नॅसला यूएसबीने जोडता येणारा यूपीएस हवाच. घरचा इन्व्हर्टर पुरेसा नाही, कारण बॅटरी संपत आली हे तो नॅसला कळवत नाही, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर नुकसान व्हायचे ते होते. मिनी पीसीला हा लाड लागत नाही.

एकीवर आहे तेच दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे बॅकअप झाला, हा समज फार पसरलेला आहे. तसे नाही. एका डिस्कवरून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही पुसली जाते. ही योजना एक डिस्क नादुरुस्त झाली तरी काम थांबू नये एवढ्यापुरती आहे. स्नॅपशॉटमुळे चुकून पुसलेले परत मिळते, पण घरात पाणी शिरले किंवा चोरी झाली तर तेही त्याच पेटीबरोबर जाते. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, त्यांतली एक घराबाहेर, हा नियम म्हणूनच चालत आला आहे. आमची घराबाहेरची प्रत नाशिकला ताईच्या कपाटात, एका सुट्या डिस्कवर असते, आणि सणावारी येणेजाणे होते तेव्हा ती बदलली जाते. ती डिस्क मी मुद्दाम एक्सफॅट पद्धतीची ठेवली आहे. ताईने ती तिच्या विंडोज लॅपटॉपला लावली की काहीही न बसवता सगळे फोल्डर उघडतात.

जर्मनीत असलेल्या दादाला घरचे पाहायचे असते. इथे नॅस इंटरनेटवर उघडण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, पण भारतातल्या अनेक इंटरनेट जोडण्यांवर ते तसेही सहज जमत नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट घरापर्यंत वाट नसते. वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर आधारलेल्या टेलस्केलसारख्या साधनाने मिनी पीसी आणि दादाचा टीव्ही एका खाजगी जाळ्यात आणता येतात. नॅस त्या जाळ्यात नाहीच. दादाला जेलीफिन दिसते, जेलीफिनला नॅस दिसते, आणि पाहण्याची प्रत तासाला दोन जीबीच्या आतली असल्यामुळे आमच्या जोडणीचा बाहेर पाठवण्याचा (अपलोडचा) वेग तिला आरामात पुरतो.

यंत्रांची निवड झाल्यावर आता जे काम उरले आहे ते त्यांच्यापेक्षा तातडीचे आहे. व्हीएचएस प्लेअर नवे बनत नाहीत, दुरुस्त करणारे हात कमी होत चालले आहेत, आणि कोकणातल्या घरून आलेल्या काही टेपांवर दमटपणाने बुरशीचे पांढरे ठिपके दिसू लागले आहेत. अशा टेपा तशाच लावल्या तर बुरशी प्लेअरच्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या टेपाही खराब होतात, म्हणून त्या वेगळ्या पिशव्यांत काढून ठेवल्या आहेत आणि स्वच्छ करून देणाऱ्या जाणकाराकडे जातील. तोवर आधी मिनीडीव्ही, कारण फायरवायर असलेला चालू कॅमेरा आज हाताशी आहे. मग ज्यांत बाबांचा आवाज आहे त्या कॅसेट. आणि शेवटी चांगल्या अवस्थेतल्या व्हीएचएस, या क्रमाने मी निघालो आहे.